तेवीस ते तेहतीस

प्रवेश मिळाल्याचं पत्र आणि फीचा तक्ता हल्ली बहुतेक वेळा एकाच ईमेलमधून येतात, पण वाचले जातात वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी फक्त पत्र. ते घरभर फिरतं, नातेवाइकांच्या ग्रुपवर जातं, अभिनंदनांची रांग लागते, कोणीतरी कॉलेजच्या इमारतीचा फोटोही शोधून टाकतं. फीचा तक्ता दोन-तीन दिवसांनी उघडला जातो, आणि तो उघडणारा माणूस बहुधा पैसे भरणारा असतो. तोवर मुलगी मनाने त्या कॉलेजची होऊन गेलेली असते. एवढं कर्ज काढून जावं का, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. उरतो तो एवढाच, की कर्ज काढायचं कसं.

क्रम उलटा असता तर काय झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. आधी आकडा, मग कॉलेजचं नाव. "अमुक इतकी रक्कम आहे, अमुक वर्षं फेडावी लागेल, त्याबदल्यात चार वर्षं शिकायला मिळेल, घेणार का?" असं कोणी कोरड्या आवाजात विचारलं असतं, तर किती जण लगेच हो म्हणाले असते? काही जण म्हणाले असतेच, आणि त्यातल्या काहींचं बरोबरही असतं. पण निदान त्यांनी विचार करून हो म्हटलं असतं.

शिक्षणाचं कर्ज हे कर्जांमधलं एक चमत्कारिक प्रकरण आहे. घरासाठी कर्ज घेतलं तर घर तारण असतं, गाडीसाठी घेतलं तर गाडी. हप्ते थकले तर वस्तू विकून बऱ्याच अंशी मोकळं होता येतं. तोटा होतो, अपमान होतो, पण प्रकरण मिटतं. शिक्षण विकता येत नाही. पदवी परत करून मुद्दल कमी करून घेता येत नाही. म्हणून कर्ज देणारा दुसरीकडे हात घालतो. आईवडिलांची सही मागतो, त्यांची मालमत्ता तारण मागतो, किंवा कायद्याचा आधार घेतो. अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली तरी विद्यार्थी-कर्जातून सहसा सुटका होत नाही. ही बंधनं 1976 मध्ये आली आणि 1998 व 2005 मध्ये आणखी आवळली गेली.

यातली अडचण मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी 1955 मध्येच नेमकी मांडली होती. धंद्यात पैसे घालणारा नफ्यातोट्यात भागीदार असतो. माणसाच्या शिक्षणात पैसे घालणाऱ्यानेही तसंच भागीदार व्हावं, पुढच्या कमाईचा ठरावीक हिस्सा घ्यावा आणि कमाई कमी झाली तर तोटाही सोसावा, अशी त्यांची कल्पना होती. येल विद्यापीठाने 1971 मध्ये या दिशेने एक प्रयोग केला. कर्ज घेणाऱ्या तुकडीने मिळून कर्ज फेडायचं, प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात द्यायचं. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात जे भरत राहिले त्यांच्या माथी न भरणाऱ्यांचाही भार आला. तुकडीचं एकत्रित देणं संपेपर्यंत कोणीच सुटेना. दशक संपायच्या आत ती योजना नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली, आणि बऱ्याच वर्षांनी उरलेली देणी विद्यापीठाला सोडून द्यावी लागली. ऑस्ट्रेलियाने 1989 मध्ये हेच काम सरकारी पातळीवर आणि जास्त शहाणपणाने केलं. तिथे उत्पन्न एका मर्यादेच्या वर गेलं तरच फेड सुरू होते, तीही करासोबत. कमाई नाही तर हप्ता नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की लोक कर्जाची रक्कम विचारतात, प्रकार विचारत नाहीत. उत्पन्नाला बांधलेलं मोठं कर्ज आणि ठरावीक हप्त्याचं तेवढंच कर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात वाईट वर्ष आलं तर हप्ता थांबतो. दुसऱ्यात वाईट वर्ष तुमचं असतं, बँकेचं नव्हे. तुमच्या वाट्याला येणारं कर्ज यातलं कोणतं, हे सही करण्याआधी कळायला हवं. पुढचं सगळं मी दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिते आहे, कारण बहुतेकांच्या नशिबी तोच असतो.

आता थोडे आकडे. चलन कोणतंही धरा. चार वर्षांचा एकूण खर्च 100, दर वर्षाच्या सुरुवातीला 25 उचलले. व्याज दहा टक्के. शिकताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं आणि वर्षाच्या शेवटी मुद्दलात मिळतं. पहिला हप्ता भरायच्या दिवशी देणं 140 झालेलं असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण 1.86, आणि सगळं मिळून 223. हप्ता जड जातो म्हणून मुदत वीस वर्षं केली तर महिन्याचा आकडा 1.35 वर येतो, बरं वाटतं. पण एकूण भरणा होतो 325. उलट शिकत असताना आणि त्यानंतरच्या त्या एका वर्षातही नुसतं व्याज भरत राहिलं, तर दहा वर्षांच्या फेडीत सगळा हिशोब 194 वर मिटतो. शंभराची वस्तू घ्यायला गेलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, कारण त्याच्यासमोर असलेल्या कागदावर 100 हाच आकडा ठळक असतो.

अठराव्या वर्षी शिकायला सुरुवात केली, तर या हिशोबात फेडीची दहा वर्षं येतात वयाच्या तेवीस ते तेहतीसमध्ये. मला या निर्णयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच वाटतो. स्वप्न अठराव्या वर्षी पडतं आणि त्याचे पैसे एक वेगळाच माणूस भरतो, जो अजून जन्माला यायचा आहे. त्याला काय आवडेल, तो कोणाशी लग्न करेल, त्याचे आईवडील आजारी पडतील का, त्याला मध्येच सगळं सोडून दुसरं काही करावंसं वाटेल का, यातलं काहीही आज ठाऊक नाही. ठाऊक आहे तो फक्त त्याचा हप्ता.

माझ्या भाचीला यंदा असं पत्र आलं. तिला नद्यांवर काम करायचं आहे. पाणी, गाळ, मासे, पूर, या सगळ्याचा एकत्र अभ्यास. ज्या कॉलेजचं पत्र आलं तिथे या विषयातले नावाजलेले प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळा आहे, शेकडो वर्षांचा वारसा वगैरे आहे. दुसरं एक सरकारी कॉलेज आहे, फी त्याच्या मानाने किरकोळ, विषय जवळपास तोच, आणि नाव सांगितलं तर समोरचा "हो का" म्हणून चहाकडे वळेल असं. ती मला म्हणाली, "मावशी, तू बाबांशी बोल. तू हो म्हणालीस तर ते हो म्हणतील." मी म्हटलं, आधी तू मला सांग, तिथून तुला नक्की काय आणायचं आहे?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याला प्रामाणिक उत्तर देणं अवघड आहे. मोठ्या नावाच्या कॉलेजात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकाच फीमध्ये विकल्या जातात. शिकवणं, सोबतची हुशार मुलं, पुढच्या नोकरीसाठी उघडणारी दारं, बायोडेटावरची एक ओळ, आणि आपण निवडले गेलो याचं समाधान. शेवटची गोष्ट मात्र पत्र आलं त्याच दिवशी मिळून गेलेली असते, आणि फुकट! तिच्यासाठी वेगळे पैसे भरायची गरज नाही. पण पुष्कळ मुलं, आणि त्याहून जास्त आईवडील, कर्ज काढतात ते तेवढ्यासाठीच.

नावाची किंमत पगारात किती उतरते, यावर बरंच संशोधन झालं आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1976 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. नामांकित कॉलेजांतून बाहेर पडलेले जास्त कमावतात, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते कॉलेजमुळे, की मुळात ती मुलंच तशी होती म्हणून? हे शोधण्यासाठी त्यांनी सारख्याच कॉलेजांनी घेतलेल्या आणि सारख्याच कॉलेजांनी नाकारलेल्या मुलांची एकमेकांशी तुलना केली. म्हणजे पत्र दोघांनाही आलं, एक गेला, दुसरा कमी नावाच्या ठिकाणी गेला. पुढच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. मजा म्हणजे मुलाने अर्ज कुठल्या दर्जाच्या कॉलेजांत केले होते, यावरून त्याच्या कमाईचा अंदाज चांगला बांधता येत होता. अर्ज करण्याची जिद्द आणि स्वतःबद्दलचा अंदाज ही त्या मुलाची स्वतःची गोष्ट होती, ती तो कुठेही सोबत घेऊन गेला. क्रूगर याला गमतीने सिनेदिग्दर्शक स्पीलबर्गचं नाव देत. स्टीव्हन स्पीलबर्गला नावाजलेल्या फिल्म स्कूलने घेतलं नव्हतं, तो लाँग बीचच्या सरकारी कॉलेजात गेला, तेही अर्धवट सोडलं आणि पदवी घेतली ती थेट 2002 मध्ये. (स्पीलबर्गचं उदाहरण मुलांच्या तोंडावर फेकणाऱ्या काकांना मात्र माझी विनंती आहे, की नाकारल्या गेलेल्या ज्या मुलांनी पुढे सिनेमे केले नाहीत, त्यांचीही एक यादी असते. ती लांब असते.)

इथवर वाचून खर्चिक कॉलेज म्हणजे निव्वळ दिखावा, असं ठरवायचा मोह होतो. पण त्याच अभ्यासात एक अपवाद आहे आणि तो गैरसोयीचा आहे. कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या मुलांना नामांकित कॉलेजाचा फायदा खरोखर झालेला दिसला. याच दोघांच्या नंतरच्या अभ्यासात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांबाबत, तसंच ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते त्यांच्याबाबत, हेच आढळलं. कारण समजण्यासारखं आहे. ज्याच्या घरी ओळखी आहेत, मुलाखतीला काय घालून जायचं हे सांगणारं कोणी आहे, त्याला कॉलेजने काही नवं दिलं नाही. ज्याच्या घरी हे काहीच नाही, त्याला कॉलेज तेच देतं. म्हणजे नावाचा उपयोग ज्यांना सर्वात जास्त, त्यांनाच ते परवडणं सर्वात कठीण, आणि परवडणारी मंडळी ते नसतं तरी बहुधा ठीकच राहिली असती. कर्जाच्या चर्चेत हा विरोधाभास क्वचितच येतो. "नाव-बिव काही नसतं, माणूस कर्तृत्वाने मोठा होतो" हे सांगणारे लोक पुष्कळदा स्वतः ओळखींच्या भक्कम जाळ्यात बसलेले असतात.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी 2023 मध्ये हा प्रश्न पुन्हा उघडला. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी वगैरे बारा अतिनामांकित कॉलेजांच्या प्रतीक्षायादीवरची मुलं त्यांनी पाहिली. त्यातल्या ज्यांना आत घेतलं गेलं, त्यांची सरासरी कमाई चांगल्या सरकारी विद्यापीठात गेलेल्यांपेक्षा फारशी वाढलेली दिसली नाही. पण उत्पन्नाच्या अगदी वरच्या एका टक्क्यात पोहोचण्याची, नामवंत संस्थांत नोकरी लागण्याची शक्यता ठळकपणे वाढली. सरासरी तीच, शिखरं उंच. आता शिखराची शक्यता विकत घेण्यासाठी कर्ज काढायचं का? कर्जाला शिखर समजत नाही. त्याला दर महिन्याची पाच तारीख समजते. हप्ता सरासरी आयुष्यातून भरला जातो.

आणि हे सगळं झालं कॉलेजच्या नावाबद्दल. विषय काय निवडला, याचा परिणाम त्याहून मोठा असू शकतो. नॉर्वेत प्रवेश गुणांच्या काटेकोर सीमारेषेवर ठरतात, त्यामुळे रेषेच्या जरा वरची आणि जरा खालची मुलं तुलना करायला सापडतात. किर्केबोएन, ल्यूवेन आणि मोगस्टाड यांनी 2016 मध्ये त्यावर काम केलं. विषयाविषयांत कमाईचा फरक प्रचंड निघाला. एकाच विषयात संस्था बदलली तर मात्र फरक लहान. भाचीचा विषय दोन्हीकडे तोच आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तिने ऐकलं नाही.

"पण मला पैशांसाठी जायचंच नाहीये, मावशी," ती म्हणाली. मला हे आवडलं, आणि नेमकं इथेच मला बोलायचं होतं. पैशांसाठी जायचं नसेल, तर पैशांचं ओझं घेऊन जाणं जास्त धोक्याचं आहे. नद्यांवर काम करणाऱ्याला पहिली काही वर्षं काय मिळतं? एखादी संशोधन शिष्यवृत्ती, एखाद्या संस्थेतली तुटपुंज्या पगाराची जागा, वर्षभराचा करार, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. ही वर्षं नेमकी तेवीस ते तेहतीस. याच काळात हप्ता येणार. मग होतं असं, की मुलगी मोठ्या कॉलेजातून नद्यांचं शास्त्र शिकून बाहेर पडते आणि कुठल्यातरी सल्लागार कंपनीत बसून नदीकाठच्या प्रकल्पाला परवानगी कशी मिळेल याचे अहवाल लिहिते. वाईट नोकरी नाही ती. पण तिच्यासाठी एवढं कर्ज काढायची काय गरज होती?

हा माझा निव्वळ तर्क नाही. जेसी रॉथस्टीन आणि सेसिलिया राउझ यांनी 2011 मध्ये एका अतिनामांकित विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या विद्यापीठाने कर्जांऐवजी अनुदान द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे कर्ज असलेली आणि नसलेली, एरवी सारखी मुलं त्यांना पाहता आली. कर्ज असलेली मुलं जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे वळली. शाळेत शिकवणं किंवा समाजोपयोगी कामं अशा कमी पगाराच्या वाटा त्यांनी कमी निवडल्या. कॉलेज तेच, प्राध्यापक तेच, ग्रंथालय तेच. ज्या दारांसाठी तिथे जायचं, त्यातली काही दारं कर्ज बाहेरून लावून घेतं.

म्हणून "एवढं कर्ज वसूल होईल का" या प्रश्नापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो. हा हप्ता असताना मी कशाला नाही म्हणू शकणार नाही? वाईट साहेबाला? आवडत नसलेल्या शहराला? आठवड्याच्या सत्तर तासांना? माझ्या ओळखीचा एक मुलगा (आता त्याला मुलगा म्हणणं बरोबर नाही, कानशिलं पांढरी झाली आहेत) अशा कर्जावर शिकला, कर्ज वेळेत फेडलं, चांगला कमावतो. हिशोबाच्या वहीत त्याचं सगळं फायद्यात. पण एकदा बोलता बोलता म्हणाला, की तिसाव्या वर्षी एक मित्र त्याला सोबत घेऊन काही नवं सुरू करणार होता, आणि यानं रात्रभर जागून हप्त्याचा आकडा किती वेळा लिहिला असेल याला गणती नाही. मित्राने एकट्यानेच सुरू केलं. ते चाललं की बुडालं, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याला खंत होती ती आपण विचारसुद्धा करू शकलो नाही याची.

एक गोष्ट तर कोणीच गृहीत धरत नाही, ती म्हणजे काळ. कोणत्या वर्षी पदवी हातात पडेल हे आपण ठरवतो, त्या वर्षी बाजार कसा असेल हे नाही. कॅनडातल्या पदवीधरांवर ओरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की मंदीत बाहेर पडणाऱ्यांची सुरुवातीची कमाई साधारण 9 टक्क्यांनी कमी असते. पाच वर्षांत तो खड्डा निम्मा भरतो आणि दहा वर्षांत पूर्ण. दहा वर्षं. पुन्हा तेच तेवीस ते तेहतीस. मंदीची जखम भरायला जेवढी वर्षं लागतात, नेमकी तीच वर्षं फेडीची.

आणि सगळ्यात वाईट शक्यता ही नाहीच. कर्ज झालं आणि पदवी झालीच नाही, ही ती. आजारपण, घरचं काही संकट, विषय न झेपणं, नैराश्य. असं अर्ध्यावरून परतलेल्या माणसाकडे कर्ज पूर्ण प्रौढ असतं आणि कमाई अर्धवट. प्रवेशाच्या आनंदात हे बोलणं अशुभ वाटतं, म्हणून कोणी बोलत नाही. मी बोलले. ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तिच्या मुलीला काढून टाकते आहे.

ताई आणि भाऊजींबद्दल लिहिलं नाही तर हे सगळं खोटं होईल. कारण कर्ज मुलीच्या नावावर असलं तरी सही तिघांची असते. भाऊजी पन्नास वर्षांचे आहेत. शेवटचा हप्ता भरला जाईल तेव्हा ते पासष्टचे असतील. म्हणजे मुलीच्या नोकरीत खंड पडला तर निवृत्त माणसाच्या जमापुंजीतून हप्ता जाणार. त्यांनी मुलीला एकच वाक्य सांगितलं आहे, "तू काळजी करू नकोस, आम्ही बघू." हे वाक्य आईवडील फार सहज बोलतात आणि मुलं फार सहज ऐकतात. त्यात प्रेम आहे यात शंका नाही. पण त्यात माहिती शून्य आहे. काय बघणार? कुठून बघणार? धाकट्याच्या शिक्षणाचं काय? मला वाटतं, अठरा वर्षांच्या मुलीला कर्जाच्या कागदावर सही करण्याइतकी मोठी समजत असू, तर घरात किती पैसे आहेत हे सांगण्याइतकीही मोठी समजायला हवं. भाऊजींना हे पटलं नाही. मुलांना पैशांचं टेन्शन देऊ नये असं त्यांचं मत आहे. कर्ज हे पुढे ढकललेलं टेन्शनच की!

मग कर्ज काढूच नये का? असं मी मुळीच म्हणत नाही. ऋण काढून सण करू नये हे खरं, पण शिक्षण हा सण नाही. ज्या व्यवसायांत परवान्याशिवाय काम करता येत नाही आणि परवाना मिळाला की उत्पन्न बऱ्यापैकी ठरलेलं असतं, तिथे कर्जाचा हिशोब मांडता येतो. ज्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्या घरच्या मुलाला चांगल्या ठिकाणी पोहोचवणारं माफक कर्ज मला योग्यच वाटतं, आणि "अंथरूण पाहून पाय पसरावेत" हे त्या मुलाला ऐकवणारे मला आवडत नाहीत. अंथरूण लांब करायलाच तर तो निघाला आहे.

किती कर्ज माफक, याला एक ढोबळ ठोकताळा आहे: पहिल्या नोकरीत वर्षाला जेवढा पगार मिळण्याची वास्तव शक्यता आहे, त्याहून एकूण कर्ज जास्त नसावं. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर वर्षाच्या पगाराइतक्या कर्जाला पगाराचा साधारण 16 टक्के भाग हप्त्यात जातो. तो झेपतो. कर्ज दुप्पट झालं की 32 टक्के, आणि तेही कर कापायच्या आधीच्या पगाराचे. घरभाडं, प्रवास, जेवण त्यानंतर. इथे "वास्तव" या शब्दावर भांडणं होतात, कारण कॉलेजच्या माहितीपत्रकात सर्वात मोठा पगार छापलेला असतो, फार तर सरासरी. विचारायचा असतो मधला. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्याला किती मिळालं, आणि ओळीत उभं करताना नोकरी न लागलेल्यांना धरलं होतं का.

छापलेली फी ही अनेक ठिकाणी शेवटची किंमत नसते, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांना 2011 पासून आपल्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज देणारं गणकयंत्र ठेवावंच लागतं, ते याच कारणाने. जिथे तसं काही नाही तिथेही पत्र लिहून मदत मागता येते, घरची परिस्थिती बदलली असेल तर फेरविचार मागता येतो. लोकांना याची लाज वाटते. कर्ज मागायला लाज वाटत नाही, सवलत मागायला वाटते, हे मला कधी कळलेलं नाही. मदत मिळालीच तर ती चारही वर्षं आहे की फक्त पहिल्या वर्षाचं आमिष, हे मात्र लेखी घ्यावं.

भाचीने दोन गोष्टी केल्या. एक, त्या कॉलेजला मदतीसाठी पत्र लिहिलं. दोन, ज्या प्राध्यापकांसाठी जायचं होतं, ते पदवीच्या मुलांना शिकवतात का, हे तिथे शिकणाऱ्या एका मुलीकडून काढलं. ते शिकवत नाहीत. त्यांची गाठ पडते ती संशोधनाच्या पातळीवर, जिथे या विषयात बहुतेकदा फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. म्हणजे स्वस्त कॉलेजातून पदवी घेऊन चार वर्षांनी त्याच दारातून, हप्त्याशिवाय आत जाता येईल. येईलच असं नाही, पण येऊ शकेल.

यावर आमचं एकमत झालेलं नाही. ती म्हणते, निम्मी फी माफ झाली तर ती जाईल. चार वर्षांनंतरच्या वाटेवर तिचा भरवसा नाही, आणि सोबतची मुलं कशी आहेत याचा फरक पडतो, हे मलाही नाकारता येत नाही. माझ्या हिशोबात निम्मी माफी झाली तरी कर्ज तिच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या दीडपट उरतं. तीन चतुर्थांश माफ झाली तर मी स्वतः भाऊजींशी बोलेन, असं मी तिला सांगितलं आहे. तिने तो आकडा लिहून घेतला आणि विचारलं, त्यात राहण्या-खाण्याचा खर्च धरलास का. धरला नव्हता. आता आम्ही नव्याने मांडतो आहोत, आणि या वेळी भाऊजीही बसले आहेत, बँकेचे कागद घेऊन.